नुसत्या चहावरची सकाळ

पत्र:

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३८. चौदा किलोमीटरवर तालुक्याचं गाव आहे, तिथल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. पहाटे पाचला उठते. पाणी भरणं, झाडझूड, सगळ्यांचे डबे, मुलांची शाळा, हे उरकून सव्वानऊची एसटी धरते. तोवर पोटात तीन कप चहा आणि दोन टोस्ट. जेवण एकदम दीड वाजता. वर्षभरापासून साडेअकराच्या सुमारास माझं डोकंच चालेनासं होतं. नोटा दोनदा मोजूनही आकडा जुळत नाही. दिवाळीआधी एकाला दोन हजार जास्त गेले, ते मी पगारातून भरले. मागच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारे बाबा पैसे काढायला आले होते. स्लिपवर सही चुकीच्या जागी केली म्हणून मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. ते एवढंच म्हणाले, "काय चुकलं बाई माह्यं?" त्या रात्री मला झोप लागली नाही. मी अशी नव्हते. सासूबाई म्हणतात, आम्ही नुसत्या चहावर वावरातलं काम केलं. नागपूरची भाची मोबाईलवर दाखवते की सकाळी न खाल्ल्यानं डोकं तल्लख होतं. आमचं घर माळकरी, अंडंही चालत नाही. सकाळच्या खाण्याचा डोक्याशी आणि रागाशी खरंच काही संबंध आहे का, की माझा स्वभावच बिघडला? (रात्री पायांना मुंग्याही येतात, पण ते दिवसभर बसून होत असेल.)

उत्तर:

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली शेवटची, कंसात टाकलेली ओळ मी तीनदा वाचली. तिच्याकडे येतेच. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, संबंध आहे. आणि तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. बिघडला असता तर त्या बाबांच्या एका वाक्यानं तुमची झोप उडाली नसती.

आता आपण तास मोजू. रात्री किती वाजता जेवता ते तुम्ही लिहिलं नाही. पण कास्तकाराच्या घरात सगळ्यांची पानं होऊन सुनेच्या हाती ताट यायला नऊ वाजतातच, हे मला ठाऊक आहे. रात्रीचे नऊ ते दुपारचा दीड म्हणजे साडेसोळा तास. त्यातले पहाटे पाचनंतरचे साडेआठ तास तुम्ही कामात असता. हंडे उचलत, भाकरी थापत, एसटीमागे धावत आणि नंतर दुसऱ्याचे पैसे मोजत. आणि एवढ्या वेळात शरीराला मिळतं काय, तर चहातली साखर आणि दोन टोस्ट.

मेंदूचं वजन आपल्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असतं, पण माणूस स्वस्थ बसलेला असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतली जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटा घेतो. त्याचं रोजचं इंधन म्हणजे ग्लुकोज, आणि ते साठवून ठेवायला त्याच्याकडे स्वतःची कोठी नसल्यातच जमा आहे. कोठी असते यकृताकडे. आपण झोपलेलो असताना यकृत त्यातून थोडं थोडं ग्लुकोज रक्तात सोडत राहतं. सकाळ होईपर्यंत ती कोठी बरीच खाली जाते. मग शरीर दुसऱ्या वाटांनी ग्लुकोज तयार करतं आणि त्यासाठी कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन ही संप्रेरकं कामाला लावतं. म्हणून निरोगी माणसाची एखादी न्याहारी चुकली तर मेंदू बंद पडत नाही, तशी भीती बाळगू नका. पण ॲड्रिनलिन हेच भीतीचं आणि भांडणाचंही संप्रेरक आहे. छातीत धडधडणं, बोटं थरथरणं, समोरच्याची छोटीशी चूकही न खपणं, हे सगळं त्याच्यासोबत येतं. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त तुमचा चढलेला आवाज ऐकू येतो.

उपाशी माणसाचा स्वभाव किती बदलतो याचा एक जुना प्रयोग आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, तेव्हा १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही मुलं समजूतदार म्हणून निवडलेली होती. तरी काही आठवड्यांतच ती चिडचिडी, उदास झाली, एकमेकांना टाळू लागली, कामात मन लागेना. तुमची गोष्ट त्या टोकाची नाही, आणि सहा महिन्यांच्या उपासमारीची तुलना एका चुकलेल्या न्याहारीशी मी करणार नाही. सांगायचं एवढंच की राग, उदासी, एकाग्रता या गोष्टींची मुळं पोटात आणि रक्तातही असतात. सगळा दोष मनाच्या माथी मारू नये.

आता तुमचा चहा. आपल्याकडच्या कपाला दोन चमचे साखर धरली तर तीन कपांत सहा चमचे झाले, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम. त्यावर मैद्याचे टोस्ट. हे सगळं भराभर पचतं, रक्तातली साखर लवकर चढते, ती उतरवायला इन्सुलिन येतं, आणि दोन-तीन तासांत साखर खाली येते. काही जणांच्या बाबतीत ती खाण्याआधी होती त्याहूनही खाली जाते आणि तेव्हा भूक, सुस्ती, बेचैनी एकदम अंगावर येते. तुमचा शेवटचा चहा नऊच्या आसपास, आणि आकडे चुकायची वेळ साडेअकरा. घड्याळ तुम्हीच जुळवून बघा. चहातल्या कॅफिनचं काम वेगळं. थकवा जाणवून देणारं एक रसायन मेंदूत साचत असतं, कॅफिन त्याची वाट अडवून बसतं. थकवा जात नाही, तो फक्त कळत नाही. भूकही तशीच दबते. म्हणून तुम्हाला सकाळी "मला भूकच लागत नाही" असं वाटत असणार, निदान माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बाया हेच सांगतात.

सासूबाईंचं म्हणणं मला खोडायचं नाही, उलट त्यांनाच नीट विचारा. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "आई, तुम्ही वावरात गेल्यावर न्याहारी किती वाजता करत होत्या?" मला खात्री आहे, त्या सांगतील की नऊ-दहाच्या सुमारास निंदण थांबायचं. निंबाखाली नाहीतर पळसाखाली सगळ्या बसायच्या, फडकं सोडायच्या, आणि त्यात ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, जवसाची नाहीतर फल्लीदाण्याची चटणी, कांदा असायचा. चहा होता तो पहाटेचा. न्याहारी त्यांची सुटली नव्हती. तुमची सुटली, कारण तुमच्या काउंटरवर दहा वाजता रांग लागते आणि तिथे फडकं सोडायला कुणी थांबत नाही. नोकरीनं तुमच्याकडून न्याहारी घेतली आणि चहा तेवढा ठेवला.

भाचीच्या व्हिडिओबद्दलही खरं ते सांगते. सकाळी उशिरा खाण्याची पद्धत काही लोकांना मानवते. न्याहारीचा आणि मोठ्या माणसांच्या बुद्धीचा जो अभ्यास झाला आहे, त्यात फरक फार मोठा दिसत नाही. ऐकलेलं थोड्या वेळानं आठवण्यात न्याहारी केलेले लोक किंचित सरस ठरतात, बाकी बाबतीत निकाल कधी असा तर कधी तसा येतो. म्हणजे "न्याहारी नाही तर डोकं नाही" हेही खरं नाही आणि "न खाल्ल्यानं डोकं तेज" हेही नाही. पण व्हिडिओतला माणूस आठला उठून लॅपटॉपसमोर बसत असेल. तुम्ही पाचला हंडा उचलता, महिन्याची पाळी सोसता, शिवाय तुमचं आदल्या रात्रीचं जेवणही उरल्यासुरल्यातलं असण्याची शक्यता आहे. त्याचा उपाय तुमच्या कामाचा नाही. आणि घरात कुणाला डायबिटीसची गोळी चालू असेल तर त्यांनी डॉक्टरांना न विचारता सकाळचं खाणं मुळीच सोडू नये.

मग सकाळी खावं काय? माझ्या मते तुमच्यासाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: प्रथिनं, लोह आणि बी-१२.

प्रथिनांनी पोटातलं अन्न हळू पुढे सरकतं, म्हणून साखर एकदम चढत नाही आणि एकदम पडतही नाही. दुसरं असं की मन शांत ठेवणारं सेरोटोनिन, उत्साह देणारं डोपामिन, ही रसायनं मेंदू प्रथिनांतल्याच घटकांपासून बनवतो. केळं खाल्लं की सेरोटोनिन वाढतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. केळ्यात सेरोटोनिन असतं, पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदूला ते घरीच बनवावं लागतं. केळं भूक भागवायला चांगलं आहे, तेवढ्यासाठी खा.

ही रसायनं बनवताना लोहही लागतं, आणि इथेच आपल्या बायांचं गणित बिघडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली ठरवलेल्या मापानुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह हवं, बाईला २९. म्हणजे आपल्याला दीडपट हवं, आणि ताट मात्र आपल्याकडे शेवटी येतं.

हे लिहिताना मला माझी आई दिसते. कापूस वेचणीच्या दिवसांत ती चुलीपुढे उकिडवी बसून सगळ्यांना गरम भाकरी वाढायची. तव्यावरच्या शेवटच्या भाकरीचा पापुद्रा तिच्याच वाट्याला यायचा. तो ती मिठाला लावून उभ्याउभ्या खायची आणि डोक्यावर फडकं बांधून निघायची. गंजात भाजीचा रस्सा उरलेला असला तर तो "दुपारी पोरांना होईल" म्हणून झाकून ठेवायची. दुपारी ती आम्हाला फार मारायची. आम्हाला वाटायचं आई तापट आहे. मी आहारशास्त्र शिकायला गेले, पहिल्यांदा रक्तक्षयाची लक्षणं वहीत उतरवून घेतली आणि त्या रात्री होस्टेलवर खूप रडले. म्हणून तुमचं पत्र मी बाजूला ठेवू शकले नाही.

चहा आणि लोह यांचं पटत नाही. चहातलं टॅनिन धान्य-डाळीतलं लोह पोटातच बांधून ठेवतं, ते रक्तात जाऊ देत नाही. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, मीही सोडलेला नाही. पहाटेचा एक कप घ्या, पण न्याहारीसोबत घेऊ नका. न्याहारीनंतर तासभर जाऊ द्या. तोवर तुम्ही पतसंस्थेत पोचलेल्या असाल, दहाचा चहा तिथे येतोच. आणि न्याहारीवर निंबू पिळा किंवा हिवाळ्यात आवळ्याची फोड तोंडात टाका. आंबटातलं सी जीवनसत्त्व लोह शोषून घ्यायला मदत करतं.

आता ती कंसातली ओळ. पायांना मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड, थकवा, आणि माळकरी घर. हे पाच शब्द शेजारी ठेवले की मला बी-१२ तपासल्याशिवाय चैन पडणार नाही. बी-१२ भाजीत, डाळीत, धान्यात नसतं. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतच असतं. तुमच्याकडे वाट उरते ती दुधा-दह्याची, आणि खेड्यात अनेक घरांत म्हैस असूनही दूध डेअरीला जातं, घरात उरतं ते चहापुरतं. या जीवनसत्त्वाची कमतरता वर्षानुवर्षं साचत जाते आणि मज्जातंतूंना इजा करते. वेळेवर कळलं तर भरून निघते, फार उशीर झाला तर काही इजा कायमची राहू शकते. म्हणून याच आठवड्यात जा. हिमोग्लोबिन तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळेल, बाईचं ते १२ च्या खाली असलं तर रक्तक्षय धरतात. बी-१२, थायरॉईड आणि साखर या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये करून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. बी-१२ कमी निघालं तर नुसत्या दह्यानं ते लवकर भरून येणार नाही, डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शनं देतील, ती पूर्ण घ्या.

खाण्याचं तुम्हाला वेगळं काही रांधावं लागू नये, हे मी डोक्यात ठेवलं आहे. तुम्ही डब्यासाठी भाकरी करताच. त्यातली एक भाकर स्वतःसाठी आधी बाजूला काढा, शेवटची नाही. सोबत वाटीभर चून आणि वाटीभर दही. भाकरीतून पाच-सहा ग्रॅम, चुनातून सहा-सात, दह्यातून तीन-चार ग्रॅम प्रथिनं मिळतात. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात, त्यातला तिसरा हिस्सा इथेच झाला. जवसाची चटणी असेल तर वर घ्या. विदर्भाची ही चटणी मला फार मोलाची वाटते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ असतं, जरी त्यातलं थोडंच मेंदूच्या कामाच्या रूपात बदलतं. शिवाय प्रथिनं आहेत, तंतू आहेत, आणि ती महिनाभर डब्यात टिकते.

भाकर खायचा कंटाळा आला तर रात्री मूठभर हरभरा नाहीतर मोट (मटकी) भिजत घाला, सकाळी कुकरला एक शिटी जास्त, त्याच्या घुगऱ्या. कांदा, सांबार (कोथिंबीर), निंबू घालून. उन्हाळ्यात सातूचं पीठ ताकात कालवून दोन मिनिटांत पिता येतं, आणि ज्वारीच्या कण्या ताकासोबत तर आमच्या घरी अजूनही होतात. पोहे वाईट नाहीत, पण एकट्या पोह्यांत प्रथिनं फार थोडी. फल्लीदाणे सढळ हातानं घाला. नागपूरकर पोह्यांवर हरभऱ्याची तर्री ओततात, त्यातल्या तेलाबद्दल मी काही चांगलं बोलणार नाही, पण पोह्यांना हरभऱ्याची जोड देणाऱ्यानं पोटाचा विचार बरोबर केला होता.

घरी बसून खायला खरंच वेळ नसेल तर पर्समध्ये एक छोटी डबी ठेवा. भाजलेले फल्लीदाणे, फुटाणे, गुळाचा खडा. एसटीत खा. कुणी बघेल याची लाज वाटू देऊ नका.

पाण्याचंही विचारते, कारण बायका हे सांगत नाहीत. तुमच्या पतसंस्थेत बायकांसाठी नीट संडास-मोरी आहे का? नसली की आपण पाणी प्यायचंच टाळतो. वजनाच्या एक-दोन टक्के पाणी कमी झालं तरी लक्ष लागत नाही, डोकं दुखतं, मन खट्टू होतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, तेव्हा हे आणखी खरं. सोय नसेल तर व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या. तिथे आणखी एखादी बाई असेल तर दोघींच्या सहीनं द्या.

झोपेचं एका वाक्यात सांगते: अकराला निजून पाचला उठत असाल तर न्याहारी त्याची भरपाई करू शकणार नाही. पाणी भरण्याचं एक काम तरी नवऱ्याकडे जायला हवं. त्यांच्याशी बोला. पत्रात त्यांचा उल्लेखच नाही, म्हणून त्यांना यातलं काही माहीत नसावं असं मला वाटतं. दोन हजारांचंही कदाचित त्यांना सांगितलं नसेल. आज सांगा. आणि सकाळी त्यांच्यासोबतच ताट घेऊन बसा. सासूबाईंची देवपूजा आटोपल्यावर तिघं बसलात तर त्यांनाही ते जास्त रुचेल.

पंधरा दिवस एक वही ठेवा, तुम्हाला जमाखर्चाची सवय आहेच. एका रकान्यात सकाळी काय खाल्लं आणि किती वाजता, दुसऱ्यात साडेअकराला डोकं कसं होतं, तिसऱ्यात त्या दिवशी कॅश पहिल्या मोजणीत जुळली का. पंधरा दिवसांनी बघा. फरक दिसला नाही तर माझ्या सांगण्यात तुमच्यापुरतं काही चुकलं असं समजून मला वहीसकट लिहा.

आणखी एक. सगळं करूनही दोन-दोन आठवडे मन खालीच राहिलं, कशातच गोडी वाटेनाशी झाली, रडू येत राहिलं, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार आले, तर तो न्याहारीचा प्रश्न राहत नाही. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. नंबर लिहून ठेवा, घरात दुसऱ्या कुणाला लागला तरी असावा. आपल्या जिल्ह्यात किती घरांत हा फोन वेळेवर झाला नाही, ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्या बाबांबद्दल. बाजाराच्या दिवशी ते पुन्हा येतील. त्या दिवशी घरून खाऊन निघा. ते आले की आधी त्यांना बसायला खुर्ची द्या, मागच्या वेळी माझं चुकलं म्हणून सांगा, स्लिप तुम्हीच भरून द्या, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं बारीक फुली मारून कागद त्यांच्यापुढे सरकवा.